दसऱ्यानंतरची दुरुस्ती

गवत कापायचं मशीन दुरुस्त करायला मी शिकलो ते वाळवंटात. हे सांगितलं की लोक हसतात, पण खरं आहे. आमच्या कोकणी मुसलमानांच्या घरातला एक तरी माणूस आखातात असतोच, तसा मीही गेलो. वाटलं होतं, गाड्यांच्या गॅरेजात काम मिळेल. मिळालं ते एका मोठ्या बागेच्या वर्कशॉपमध्ये. कुंपणाबाहेर डोळे करपतील अशी वाळू, आणि कुंपणाच्या आत पाणी पाजून पाजून वाढवलेली हिरवळ. त्या हिरवळीची मी जेवढी सरबराई बघितली तेवढी आमच्याकडे नव्या जावयाचीही होत नाही.

परत आल्यावर पनवेलमध्ये दुकान टाकायचं ठरवलं तेव्हा थोरल्या भावानं कपाळाला हात लावला. म्हणाला, "शब्बीर, इथे विळ्यानं गवत कापतात. तुझ्याकडे कोण येणार, बकऱ्या?" पहिला पावसाळा त्याचंच खरं होतं. मी शटर उघडून माशा मारत बसायचो. मग डोंगराच्या पायथ्याशी फार्महाऊस झाली, नवीन पनवेलात आणि विचुंब्याकडे सोसायट्या झाल्या, जासईच्या बाजूला कंटेनरची यार्डं पसरली, आणि या सगळ्यांच्या आवारात गवत मात्र पूर्वीइतक्याच जोमानं उगवत राहिलं. आज गणपतीच्या आधी माझ्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. मशीनं आत आडवी पडलेली असतात आणि गिऱ्हाईकं फुटपाथवर ताटकळत असतात. थोरला भाऊ हल्ली गल्ल्यावर बसतो आणि बकऱ्यांचा विषय काढत नाही.

ज्यांनी हे मशीन जवळून बघितलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कंपनीच्या भाषेत त्याला ब्रश कटर म्हणतात, आमच्याकडे सगळे ग्रास कटर म्हणतात. एक लांब पाइप. वरच्या टोकाला छोटं इंजिन आणि पेट्रोलची टाकी, खालच्या टोकाला स्टीलचं पातं किंवा नायलॉनचा दोरा. पट्टा खांद्याला अडकवायचा आणि झाडू मारल्यासारखं डावी-उजवीकडे फिरवत पुढे जायचं. बहुतेकांचं इंजिन टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागतं. ऑइल विसरलात तर इंजिन असं जाम होतं की मग मी आणि माझा हातोडासुद्धा काही करू शकत नाही.

माझी निम्मी रोजीरोटी विसराळूपणावर चालते. फार्महाऊसवाले पावसाळा संपला की मशीन कोपऱ्यात उभं करतात, टाकीत पेट्रोल तसंच. पुढच्या पावसाळ्यात येतात आणि सांगतात, "भाई, काल तर मस्त चालू होतं." आमच्या धंद्यात काल म्हणजे गेल्या वर्षी. मी कार्ब्युरेटर उघडतो तर आत काकवीसारखा चिकट थर. एकदा सायलेन्सरमध्ये कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलेलं निघालं, पिल्लांसकट. मालक म्हणाले, इंजिनात ताकद राहिली नाही हो. म्हटलं, ताकद आहे, पण भाडेकरू बसलाय.

करंज्याचे एक कोळीदादा दोरा म्हणून मासेमारीचा तंगूस लावून आले होते. माझ्याकडच्या दोऱ्यापेक्षा तो टिकला, हे मला कबूल करावं लागलं. फक्त तंगूस वापरातला होता. मशीन सुरू केलं की दुकानाच्या दारात आळीतली सगळी मांजरं जमायची.

आणि एक गिऱ्हाईक असं, की ज्यांच्या मशीनमध्ये कधीच काही बिघडत नाही. हे काका बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, बँकेतून निवृत्त. त्यांच्या समाजाची बरीचशी घरं कधीच परदेशी गेली, मागे दफनभूमी राहिली. तिथलं गवत काका स्वतः कापतात. काम झाल्यावर टाकी रिकामी करतात, फिल्टर धुतात, मशीन जुन्या चादरीत गुंडाळून ठेवतात, आणि तरीही दर वर्षी पावसाच्या तोंडावर दुकानात घेऊन येतात. मी दोरी ओढतो, इंजिन एका झटक्यात सुरू होतं. आम्ही दोघं ते थोडा वेळ ऐकतो. "ठीक आहे ना, शब्बीर?" "ठीक आहे, काका." मग चहा होतो आणि ते जातात. हल्ली त्यांची मुलगी त्यांना तिकडे कायमचं बोलावते आहे. त्यांनी जाऊ नये असं मला फार वाटतं, पण हे मी त्यांना कुठल्या तोंडानं सांगू?

आता ज्या दुरुस्तीसाठी हे सगळं लिहायला बसलो, तिच्याकडे वळतो.

जासईजवळच्या एका गावातल्या वनिताताई म्हात्रे एका दुपारी दुकानात आल्या. मला वाटलं, नवऱ्याचं मशीन न्यायला आल्या असतील. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाल्या, "आमचा बचत गट हाय. चार मशीन घेतल्यान. आमी चौघी चालवणार. आमाला शिकवा."

मी म्हटलं, सोपं आहे, इथे चोक, इथे रेस.

"तसा नको. नुसता चालवायला काय, कोनबी चालवतो. खोलायला शिकवा."

माझा अनुभव असा, की मशीन खोलायला शिकवा असं कुणी म्हणत नाही. सगळ्यांना ते चालू करून हवं असतं. मी खूश झालो आणि पार नट-बोल्टपर्यंत शिकवलं. चौघी जमिनीवर फतकल मारून बसायच्या, सुटे भाग क्रमानं साडीच्या फडक्यावर मांडायच्या. त्यांच्यातली सुरेखा सतत धास्तावलेली, स्क्रू उरला तर काय म्हणून. वनिताताई मात्र एकदा बघितलं की विसरायच्या नाहीत. पुढे त्यांनी गावातल्या वाड्या, शाळेचं मैदान, देवळाचं आवार अशी कामं घेतली. पण त्यांची नजर होती ती गावाला लागून असलेल्या कंटेनर यार्डावर.

त्याचं कारण त्यांनी मला एकदा सरळ सांगितलं. ते यार्ड उभं आहे ती जमीन म्हणजे त्यांच्या सासऱ्यांची भाताची खाचरं. जमीन गेली, वर भराव पडला, कुंपण आलं, गेट आलं. गावातल्या काही पुरुषांना आत हमालीचं, लोडिंगचं काम मिळालं. बायकांना कुणी विचारलं नाही. "लगीन करून आली तवापासून त्या मातीत लावणी केली मी," वनिताताई म्हणाल्या. "आता गेटसमोरून जायचा झाला तरी वॉचमन हटकतो. आत काम करून दाखवायचाय मना, बस." एवढंच त्यांना हवं होतं, पण ते त्यांना अगदी जिवापाड हवं होतं.

यार्डातलं गवत कापायचं काम बाळारामशेठकडे होतं. बाळारामशेठ कळंबोलीकडचे. आवाज मोठा, मिशा त्याहून मोठ्या. तेही माझं जुनं गिऱ्हाईक, आणि खोटं कशाला बोलू, चांगला माणूस. चहा पाजल्याशिवाय मशीन न्यायचे नाहीत. पण बायका मशीन चालवतात हे त्यांच्या मिशांखाली उतरत नव्हतं. दुकानात वनिताताई समोर असल्या की ते मला उद्देशून बोलायचे, "भाई, आता लाटणीबी पेट्रोलवर करा." वनिताताई ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या.

गावकऱ्यांनी यार्डाच्या साहेबांकडे आग्रह धरला, की स्थानिक बायकांना संधी द्या. साहेब शिस्तीचे. ते म्हणाले, शिफारस नको, काम दाखवा. यार्डाच्या मागच्या अंगाला एक पट्टा होता, त्यावर भराव पडलेला नव्हता. पावसाळाभर गवत, लव्हाळा आणि गाजरगवत छातीपर्यंत माजलेलं. साहेबांनी दोरी लावून त्याचे दोन सारखे भाग केले. दसऱ्यानंतरच्या सोमवारी सकाळी एका भागात बाळारामशेठची माणसं, दुसऱ्यात बचत गट. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ज्यांचं काम पुरं आणि नीट, त्यांना वर्षाचं काम.

दसऱ्याच्या आठवडाभर आधी वनिताताई चारही मशीनं माझ्याकडे घेऊन आल्या. मी जीव ओतून सर्व्हिसिंग केलं. नवे प्लग, धुतलेले फिल्टर, धार लावलेली पाती. बाळारामशेठचीही मशीनं त्याच आठवड्यात आली, तीही केली. डॉक्टरनं काय, दोन्ही पैलवानांना तपासायचं असतं.

सोमवारी सकाळी मी नुकतं शटर वर केलं होतं, तेवढ्यात फोन वाजला. मागे बाळारामशेठच्या मशीनांची घरघर, आणि तिच्यावर वनिताताईंचा आवाज. "भाई, चारी मशीन मरतात. जरा चालतात नं मरतात. तुमी या. आत्ता या."

एक मशीन बंद पडलं तर ते मशीनचं नशीब. चारही एकदम बंद पडली तर ते मेकॅनिकचं नाव. हत्यारांची पिशवी स्कूटरला अडकवली आणि निघालो. जासईच्या रस्त्यावर ट्रेलरची रांग लागलेली, मी कडेच्या चिखलातून स्कूटर काढली. चाळीशीनंतर माणसानं चालवू नये तशी स्कूटर मी त्या दिवशी चालवली.

पोचलो तर बाळारामशेठच्या माणसांनी चांगला मोठा तुकडा कापून काढला होता. इकडे चौघी बायका गमबूट घालून बंद मशीनांच्या दोऱ्या ओढताहेत. गवत जवळजवळ तसंच उभं. साहेब लांब शेडखाली खुर्चीत बसून बघत होते. बाळारामशेठनी मला बघून हात हलवला. "या भाई, या. पेशंट सिरीयस हाय."

मी लक्षणं विचारली. मशीन सुरू होतं, थोडा वेळ छान चालतं, मग विव्हळतं, दम तोडतं आणि बंद. जरा वेळ ठेवलं की परत सुरू, परत बंद. चारही मशीनांचं एकच. चारहींत एकाच कॅनमधलं पेट्रोल. मी मनाशी म्हटलं, सापडलं. पेट्रोलमध्ये पाणी आहे. टाक्या उघडायला लावल्या, जुनं पेट्रोल ओतून दिलं, माझ्यासोबत आणलेलं ताजं मिश्रण भरलं. दोरी ओढली. चारही मशीनं गरजत उठली. सुरेखानं मला हात जोडले. मी छाती फुगवून पिशवी आवरायला घेतली.

पिशवीची चेन लागायच्या आत पहिलं मशीन विव्हळलं. मग दुसरं. मग राहिलेली दोन्ही.

बाळारामशेठची माणसं हसली. मी एक प्लग काढून बघितला, कोरडा ठणठणीत. म्हणजे पेट्रोल खाली उतरतच नाही. का उतरत नाही? जाळी स्वच्छ, नळी स्वच्छ, मीच साफ केलेली. वनिताताई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी उगीच काहीतरी करायचं म्हणून टाकीचं झाकण फिरवलं.

फुस्स.

बारीक आवाज, सायकलच्या व्हॉल्व्हसारखा. पण हवा बाहेर येत नव्हती, आत जात होती. मी दोरी ओढली. झाकण सैल असलेलं ते मशीन सुरू झालं आणि सुरूच राहिलं. तेव्हा माझं लक्ष माझ्या अंगठ्याकडे गेलं. अंगठा लाल झाला होता.

टाकीतलं पेट्रोल इंजिन ओढून घेतं, तसतशी टाकीत वरून हवा यावी लागते. त्यासाठी झाकणाच्या मधोमध सुईच्या टोकाएवढं भोक असतं. ते बुजलं, की टाकीचा श्वास कोंडतो, पेट्रोल खाली यायचं थांबतं आणि इंजिन मरतं. झाकण उघडलं की श्वास मोकळा होतो. म्हणजे मघाशी मी पेट्रोल बदललं आणि मशीनं चालली, ती ताज्या पेट्रोलनं नव्हे. झाकणं उघडली होती म्हणून. मी फुगवलेली छाती फुकट गेली होती.

आणि भोकं कशानं बुजली? खंडेनवमीला सगळे आपापली हत्यारं पूजतात. कोयता असो, रिक्षा असो, कॉम्प्युटर असो. या चौघींनीही मशीनं ओळीनं मांडून पूजा केली होती, आणि मायेनं केली होती. आता मला सांगा, मशीनला हळदकुंकू लावायचं तर कुठे लावणार? अख्ख्या मशीनवर कपाळासारखी सपाट, गोल, समोर दिसणारी जागा एकच, ती म्हणजे टाकीचं झाकण. ओल्या हळदीचं बोट, वर कुंकू, वर चार अक्षता. वाळून सिमेंट झालं होतं. पूजा झाल्यावर मशीनं चालवली नव्हती, त्यामुळे कुणाला पत्ताच नाही.

मला हसू फुटणार होतं, पण ते मी गिळलं. माझ्या पहिल्या पाना-पेटीला अम्मीनं लोबानचा धूर दिला होता, इतका की आतलं सँडपेपर आठवडाभर खोकत होतं. त्यामुळे हसायचा हक्क मला नव्हता. त्या सोमवारपासून मात्र मी प्रत्येक गिऱ्हाईकाला खंडेनवमीच्या आधी बजावतो, हळदकुंकू खालच्या गियर बॉक्सवर लावा, तिथे कितीही लावा, वर हारही घाला.

त्या वेळी मात्र मी आवाज न चढवता म्हटलं, "ताई, पिन द्या."

वनिताताईंच्या बांगडीला सेफ्टी पिना लटकवलेल्या होत्या. त्यांनी एक काढली, माझ्या अंगठ्याकडे बघितलं, झाकणाकडे बघितलं आणि त्यांना सगळं कळलं. त्यांनी पिन माझ्या हातात दिली नाही. स्वतःच झाकणातलं भोक मोकळं केलं, मग दुसरं, तिसरं, चौथं. "माझाच हात," एवढंच पुटपुटल्या. चारही मशीनं सुरू झाली आणि चौघी ओळीनं गवतात शिरल्या. या वेळी कुठलंही मशीन विव्हळलं नाही. माझा जीव भांड्यात पडला.

तो भांड्यात नीट बसतो न बसतो, तोच पलीकडचा आवाज थांबला.

बाळारामशेठची मशीनं एकापाठोपाठ एक मेली. त्यांच्या टाक्या मोठ्या, म्हणून ती इतका वेळ तग धरून होती. माणसं दोऱ्या ओढायला लागली. बाळारामशेठनी प्लग बदलायला लावले, मग शिव्या द्यायला लागले, मग कुणाला तरी फोन लावला. मी होतो तिथूनच मला दिसत होतं. त्यांच्या मशीनांवर झेंडूचे सुकलेले हार अजून तसेच होते आणि झाकणं रक्तासारखी लाल. शेठची पूजासुद्धा मोठीच असणार.

आता मी काय करावं? दोन्ही माझी गिऱ्हाईकं. दोन्हीकडची मशीनं माझ्याच हातची. जाऊन सांगितलं तर वनिताताईंचा घास मी हिरावून घेतो. गप्प बसलो तर रोगी समोर तडफडतोय आणि मी औषध खिशात घालून उभा आहे. बाळारामशेठ काही मला हाक मारत नव्हते, त्यांचा तोरा मध्ये येत होता. मी दोन पावलं त्यांच्याकडे टाकली आणि दोन मागे आलो. हे मी स्वतःचं कौतुक म्हणून सांगत नाही. मी ठरवूच शकलो नाही.

वनिताताईंनी मशीन बंद केलं. तोंडावरची काच वर केली आणि पलीकडे बघितलं. हार, लाल झाकणं, सगळं त्यांनाही दिसलं. सुरेखानं त्यांचा हात धरला. "वनिता, जाव नको. गप कापत ऱ्हा. देवानंच केलाय."

"देवानं नाय केला, कुंकवानं केलाय," वनिताताई म्हणाल्या. "त्यांचा मशीन बंद पडला म्हणून मिळालेला असला काम नको मना. उद्या सगला गाव तेच बोलंल."

आणि त्या दोरी ओलांडून गेल्या.

बाळारामशेठनी त्यांना येताना बघून मशीनसमोर आडवा हात धरला. "माझ्या मशीनला हात लावाचा नाय."

"मी नाय लावत. तुमी लावा. झाकन फिरवा."

बाळारामशेठनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. त्यांनी झाकण फिरवलं. फुस्स. वनिताताईंनी बांगडीची पिन काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. "मदी भोक हाय, त्यात कुंकू गेलाय. आमचाबी गेलेला." त्या वळल्या आणि आल्या तशा परत गेल्या.

बाळारामशेठनी त्या पिनेनं एकेका झाकणातलं भोक मोकळं केलं. मग त्यांनी माणसांवर ओरडून मशीनं सुरू करायला लावली, आणि खरं सांगतो, त्यानंतर जी कापाकापी झाली तिला तोड नव्हती. बायकांना दया दाखवणारा तो माणूस नव्हे, आणि वनिताताईंना दया नकोच होती. दोन्हीकडून गवत आडवं होत होतं. बाळारामशेठचा तुकडा अजूनही पुढेच होता. माणसं दांडगी, मशीनं मोठी. मी घड्याळाकडे बघत होतो आणि मनातल्या मनात दुवा मागत होतो. कुणासाठी, ते आता लपवत नाही.

मग पलीकडून खण्ण असा आवाज आला. पात्यानं दगड खाल्ला. माणसानं मशीन उचललं, तर पात्याचे दोन दात गायब. दुसरं मशीन त्याच्या बाजूनं पुढे सरकलं, परत खण्ण. तिसऱ्याच्या पात्याचा तर तुकडाच उडाला. गवताखाली दगड आहेत हे त्यांना कळलं, पण कुठे आहेत ते कळेना. पाती बदलायची, दोन पावलं जायचं, परत थांबायचं. शेवटी बाळारामशेठनी सगळ्यांना सावकाश, चाचपत कापायला सांगितलं.

इकडेही ते दगड असणारच, म्हणून मी वनिताताईंना ओरडून सावध करायला गेलो. पण तिकडे वेगळंच चाललं होतं. वनिताताई सगळ्यांच्या पुढे चालत होत्या आणि मशीनच्या आवाजावर ओरडत होत्या, "सुरेखा, मुंडी वर घे, बांध आला. आता खाली घे. डाव्या अंगाला खळगा हाय, पाय सांबाळ. इथं मोरी, दगड हाईत, दोऱ्यानं कापा!" आणि बाकीच्या तिघी त्यांच्या सांगण्याप्रमाणे मशीनची मुंडी वर-खाली करत सपासप पुढे सरकत होत्या. समोर छातीभर लव्हाळा. जमीन कुणालाच दिसत नव्हती. वनिताताईंना ती दिसत होती.

जेवणाचा भोंगा झाला तेव्हा बायकांच्या भागात गवताचं एक पातं उभं नव्हतं. कापलेल्या गवताचे ढीगही लावून झाले होते. बाळारामशेठचा शेवटचा कोपरा राहिला होता.

साहेब शेडमधून उठून आले. त्यांनी दोन्ही भाग पायी फिरून बघितले. गवत गेल्यावर आता जमीन उघडी पडली होती, आणि दोन्ही भागांतून आरपार गेलेला एक जुना बांध स्पष्ट दिसत होता, मध्ये दगडांनी बांधलेली पाण्याची मोरी. एका बाजूला त्या दगडांवर पात्यांचे पांढरे ओरखडे, दुसऱ्या बाजूला एकही नाही. बाळारामशेठही येऊन उभे राहिले. त्यांनी पिन वनिताताईंना परत दिली आणि साहेबांना म्हणाले, "त्यांचा काम चोख हाय, साहेब. मी माझ्या डोल्यांनी बगला."

साहेबांनी वनिताताईंना विचारलं, "इतक्या गवतात तुम्हाला कसं कळलं, बांध कुठे आहे ते?"

"तो बांध मीच घातलाय, साहेब. सासऱ्यांसंग. दगडबी मीच वायलेत डोक्यावरून."

साहेबांनी पुन्हा एकदा त्या बांधाकडे बघितलं. मला वाटतं, आपण कुणाच्या शेतात उभे आहोत हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं. सुरेखा रडायला लागली होती. माझेही डोळे भरून आले, गवताच्या धुळीला दोष द्यायचं कारण नाही.

साहेब वनिताताईंकडे वळले. "उद्यापासून या. मी गेटवर सांगून ठेवतो, तुम्हाला आत सोडतील. वॉचमन जागा दाखवेल."

वनिताताईंनी मशीन खांद्याला लावलं.

"सोडायला सांगा," त्या म्हणाल्या. "दाखवू नका. आमाला वाट म्हाईत हाय."